वीस सेकंदांची शांतता

"ताई, वर्गात ए ग्रेड आहे, आठवड्यातून दोनदा ट्यूटर येतो, तरी ही पोरगी स्पॅनिशमध्ये तोंड उघडत नाही. मे महिन्यात परीक्षा आहे. काय करू?"

न्यू जर्सीत मराठी कुटुंबांबरोबर काम करताना हिवाळा सरत आला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. त्यातली एक गोष्ट सांगते, ओळखीच्या खुणा पुसून. मुलीला सई म्हणू. अकरावीत होती.

परीक्षा म्हणजे कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेची ए.पी. स्पॅनिश, शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा. अर्धे गुण वाचून-ऐकून पर्याय निवडण्याला, अर्धे लिहिण्या-बोलण्याला. लिहिण्यात सई पक्की. गाडी अडायची ती संभाषणात. रेकॉर्डिंगमधली व्यक्ती पाच वेळा बोलते आणि दर वेळी 'टूं' वाजलं की उत्तराला 20 सेकंद. सईने सरावाची रेकॉर्डिंग मला ऐकवली. टूं. मग हीटरची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, शेवटी कसंबसं एक 'सी...' (म्हणजे 'हो') आणि पुन्हा टूं.

"त्या वेळात काय चालतं डोक्यात?"

"वाक्य लिहिते. मग तपासते. मग वेळ संपते."

आईच्या मते हा आळस. ट्यूटर भला माणूस, पण प्रत्येक चुकीला थांबवायचा. तरी हे तपासणं त्याच्याही आधीचं निघालं. दहा वर्षांची असताना सई सुट्टीत नाशिकला गेली होती. "माझा मावशी आला," म्हणाली आणि घरभर हशा पिकला. भावंडांनी सुट्टीभर तिची नक्कल केली. तेव्हापासून मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत.

"अगं, ते गमतीत होतं!" आई म्हणाली. सई खिडकीबाहेर बघत राहिली.

मी स्पॅनिशची शिक्षिका नव्हे. पुण्यात कधीतरी दोन लेव्हल केल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर तिला विचारलं, 'मे गुस्तान लोस मांगोस' मराठीत कसं म्हणशील?

"मला... आंबे आवडतात." मग थांबून, "वेट. आंबा आवडतो, आंबे आवडतात. सेम आहे!" क्रियापद आंब्यामागे जातं, माझ्यामागे नाही. इंग्रजीतून विचार करणारी वर्गातली मुलं तिथे हमखास घसरायची, ही कधीच नाही. स्पॅनिशमधला 'तू' म्हणजे आपला 'तू'च, आणि 'उस्तेद' म्हणजे मान देणारं 'तुम्ही'. परीक्षेतल्या औपचारिक ईमेलला तोच लागतो. 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून. शाळेतल्या स्पॅनिशच्या बाईंनी तिच्या उच्चारांचं कौतुक केलं होतं, ते तिला उगाच केलेलं वाटलं होतं.

मग ट्यूटरशी बोलले. दोन आठवडे मध्ये टोकायचं नाही. 20 सेकंद संपल्यावर एकच चूक सांगायची. आईलाही सरावाला बसवलं, ही चूक माझी. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तीनदा शब्द सुचवला आणि सई उठून गेली. त्याऐवजी त्यांना गुण देण्याचे निकष वाचायला दिले. अधूनमधून चुका झाल्या तरी म्हणणं नीट कळलं तर पूर्ण गुण मिळू शकतात आणि स्वतःला दुरुस्त केल्याने गुण कापत नाहीत, हे त्यांनी दोनदा वाचलं.

कॉलेज प्रवेशाबद्दलची आईंची भीती वेगळी काढली. निकाल जुलैत लागतो, तो कॉलेजला कळवायचा की नाही हे साधारणपणे विद्यार्थी ठरवतो. चांगल्या गुणांवर बऱ्याच ठिकाणी क्रेडिट, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासक्रमात धरले जाणारे गुणांक, मिळतं, एवढाच मामला. "पण वर्गात घरी स्पॅनिश बोलणारी मुलं आहेत, त्यांच्यापुढे हिचं काय?" तर घरी स्पॅनिश न बोलणाऱ्यांचे निकाल कॉलेज बोर्ड वेगळेही मांडतं. आईंचा चेहरा फारसा उजळला नाही.

परीक्षेतला शेवटचा भाग दोन मिनिटं बोलण्याचा: स्पॅनिशभाषक समाजातली एखादी गोष्ट आणि आपल्याकडची, यांची तुलना. सरावासाठी सईने मेक्सिकोचा मृतांचा दिवस निवडला. गेलेल्यांसाठी मांडलेलं जेवण, झेंडूची फुलं (झेंडू मूळचा तिकडचाच). समोर पितृपक्ष ठेवायचं ठरलं, पण त्यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. आजीला फोन लावला, मराठीत. मी शेजारीच होते.

"आजी, कावळा आलीच नाही तर?"

पलीकडे क्षणभर शांतता. मी श्वास धरला.

"नाही आला तर दर्भाचा कावळा करतात गं," आजी म्हणाली आणि पुढे दहा मिनिटं बोलत राहिली. सई वहीत स्पॅनिश शब्द लिहीत होती, मध्येच देवनागरीत 'दर्भ'.

एप्रिलमधलं एक रेकॉर्डिंग तिने मला पाठवलं. त्यात ती 'पेरो'ऐवजी चक्क 'पण' म्हणते, हसते, 'पेरो, पेरो' करत पुढे जाते आणि टूं वाजतं तेव्हा वाक्य अर्धंच असतं.

जुलैत आईंचा मेसेज आला आणि मी वाचायच्या आत डिलीट झाला. मिनिटाभराने दुसरा आला: "पाचपैकी चार!"