अलिबागच्या कार्यक्रमासाठी: मलिदा, कीर्तन आणि नकाशा

प्रिय,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. तु बिश्वातच्या, म्हणजे यहुदी पंचांगातल्या झाडांच्या नववर्षाच्या निमित्ताने अलिबागला बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुदी समाजाच्या संस्कृतीचा कार्यक्रम, त्यात व्याख्यान, छायाचित्रांचं प्रदर्शन, हिब्रू गाण्यांवरचा नाच आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल. मेहनत दिसते. पण यातल्या प्रत्येक गोष्टीत आलेला माणूस बघतो, ऐकतो, खातो आणि ज्यांच्याबरोबर आला त्यांच्याबरोबरच घरी जातो. ठाण्याहून आलेल्या आजींनी आणि शेजारच्या आळीतल्या कुटुंबाने एकमेकांशी बोलावं असं कारण तू कुठेच ठेवलेलं नाहीस. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: व्याख्यान वीस मिनिटांवर आण, नाच काढून टाक आणि उरलेला वेळ मलिदा, कीर्तन आणि नकाशा यांना दे. या तिन्हींत लोकांना हात नाहीतर गळा वापरावा लागतो आणि ओळखी तिथेच होतात.

आधी तारीख. तु बिश्वात म्हणजे हिब्रू शेवात महिन्याची १५ तारीख, ती २०२७ मध्ये २३ जानेवारीला येते आणि तो शनिवार आहे. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस. चूल, वाद्यं, माईक, पैशांचा व्यवहार, फोटो सगळं बंद. पत्रिकेवर शनिवार छापलास तर जी माणसं तुला सगळ्यात जास्त हवी आहेत तीच घरी राहतील. रविवार २४ जानेवारी धर. सामानाची खरेदी शुक्रवारी दुपारपर्यंत उरकायची, नारळ रविवारी सकाळी फोडायचे. सुरुवात साडेदहाला ठेव आणि दोनच्या आत संपव, म्हणजे मांडव्याहून लाँच पकडणाऱ्यांची धावपळ होत नाही. पुढचे कार्यक्रम ठरवतानाही पंचांग जवळ असू दे. पेसाख सणाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजल्या जाणाऱ्या ओमेरच्या ४९ दिवसांपैकी पहिल्या महिनाभरात आणि हिब्रू पंचांगातल्या १७ तम्मुज ते ९ आब या शोकाच्या तीन आठवड्यांत गाण्याबजावण्याचं काही ठेवत नाहीत.

जागेसाठी इस्रायल आळीतल्या मागेन आबोथ सिनेगॉगच्या (यहुदी प्रार्थनामंदिराच्या) मुकादमांना, म्हणजे प्रमुखांना, आणि हजानांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, प्रत्यक्ष भेट. फोनवर परवानगी मागू नकोस. कोणती खोली किंवा अंगण वापरायचं, बायका-पुरुष कसे बसतात, फोटो कुठे चालतील, हे त्यांनीच ठरवायचं आणि ते पत्रिकेवर छापायचं. पुरुषांसाठी तीसेक जादा टोप्या दाराशी ठेव. २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाऊस हे यहुदी केंद्र लक्ष्य झालं, तेव्हापासून सिनेगॉगांची सुरक्षा कडक आहे. त्यामुळे पाहुण्यांची नावनोंदणी आठवडाभर आधी बंद कर, यादी विश्वस्तांकडे दे आणि प्रत्येकाला ओळखपत्र आणायला सांग. आयत्या वेळी दारात कोणाला अडवावं लागलं तर तो माणूस पुन्हा येत नाही.

आता मलिदा. एलियाहू हानबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने होणारा हा गोड पोह्यांचा विधी बेने इस्रायलांचा खास आहे. एलियाहू हानबी तु बिश्वातलाच कोकणात येऊन गेल्याची श्रद्धा आहे, आणि अलिबागजवळ सागाव-खंडाळे परिसरातल्या खडकावरच्या खुणा त्यांच्याच मानतात. तु बिश्वातशी मलिद्याचं नातं त्यामुळे जवळचं आहे. याला खाद्यपदार्थाचं प्रात्यक्षिक समजू नकोस. विधी हजान करतील. तुझं काम तयारीचं.

पन्नास माणसांना वाटीभर द्यायचा तर दीड किलो जाडे पोहे, चार मोठे नारळ, सहाशे ते सातशे ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे वेलचीपूड आणि मूठ-दोन मूठ बदाम-पिस्ते पुरतात. पोहे चाळणीत धुवायचे आणि पाव तास निथळत ठेवायचे. पातेल्यात भिजत घातलेस की लगदा झालाच. साखर शेवटी, वाढण्याआधी अर्धा तास घाल. आधी घातली तर पाणी सुटतं. खोवलेला नारळ अंगणातल्या उन्हात दुपारपर्यंत टिकत नाही, आंबूस वास येतो, म्हणून मलिदा कीर्तनाच्या आधी उरकायचा. ताटात मधोमध मलिद्याची रास, भोवती खजूर, सफरचंदं, संत्री, केळी आणि वासासाठी सब्जाची पानं किंवा गुलाब. झाडाच्या फळांचा आशीर्वाद वेगळा, केळ्याचा वेगळा, कारण केळ जमिनीच्या उपजांत धरतात, आणि सुवासाचा आणखी वेगळा. म्हणून फळं कापून एकत्र करू नकोस, जातवार मांड. क्रम हजानांना विचारून घे.

भांडी सिनेगॉगचीच किंवा कोरी करकरीत स्टीलची. केटररची भांडी घेतलीस तर आदल्या दिवशी त्यांत काय शिजलं होतं हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि कोशर, म्हणजे यहुदी आहारनियम, पाळणारी माणसं शांतपणे ताट बाजूला सारतील. जेवणही शाकाहारीच ठेव. द्राक्षारसाऐवजी मनुकांचं शरबत करायची जुनी पद्धत आहे: पाव किलो काळ्या मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. शब्बाथ संपल्यावर शनिवारी रात्री भिजत घाल.

खोवण्या चार मांड आणि प्रत्येकीभोवती चौघं: समाजातली एक जाणती बाई, बाकी तिघं पाहुणे. नारळ खोवताना माणसं आपोआप बोलतात, हे व्याख्यानाने साधत नाही. निवडायला, कापायला, ताटं मांडायला मुद्दाम कामं शिल्लक ठेव. स्वयंसेवकांनी सगळं आधीच करून ठेवणं ही नेहमीची चूक आहे. पाहुणे मग भिंतीला टेकून मोबाइल बघत बसतात.

कीर्तनावर सर्वात जास्त कष्ट घे. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायलांनी मराठी कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद यांची आख्यानं बसवली. ओवी, साकी, दिंडी, पदं, पेटी, तबला, झांजा, सगळं आपल्या ओळखीचं. म्हणूनच यहुदी नसलेला मराठी श्रोता पहिल्या पाच मिनिटांत आत येतो, आणि समाजातल्या वडीलधाऱ्यांना आपली गोष्ट आपल्या भाषेत ऐकायला मिळते. इतकं सुंदर साधन हाताशी असताना ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच कशाला?

आख्यान योसेफाचं घे, उत्पत्तीचे ३७ ते ४५ अध्याय. भावांनी विकलेला मुलगा पुढे दुष्काळात त्याच भावांना धान्य देतो. गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. नमन आणि पूर्वरंग पंधरा मिनिटं, आख्यान चाळीस, पदं पाचाहून जास्त नकोत. प्रत्येक पदाचं ध्रुवपद दोन ओळींचं असावं आणि ते सगळ्यांनी म्हणावं. सुरुवातीलाच कीर्तनकाराने ते दोनदा म्हणवून घ्यायचं, नाहीतर लोक शेवटपर्यंत नुसती मान डोलवतात. ध्रुवपदाचा कागद मोठ्या टायपात, हिब्रू शब्दही देवनागरीत. कागदावर हिब्रू अक्षरांत देवाचं नाव छापू नकोस. तसा कागद कचऱ्यात टाकता येत नाही, तो गेनिझासाठी, म्हणजे जीर्ण पवित्र कागदांच्या साठ्यात, ठेवून पुढे दफन करावा लागतो.

कीर्तनकार समाजाबाहेरचा असेल तर महिनाभर आधी बसून बोल. साचा तोच असला तरी मूर्ती, बुक्का, ओवाळणं, विठ्ठलाचा गजर यांना इथे जागा नाही. सवयीने तोंडात येतं आणि सभेत अवघडलेपण पसरतं, दोष मात्र कीर्तनकाराचा नसतो. संहितेसाठी बाजारातलं मराठी बायबल वापरलंस तर भाषा ख्रिस्ती वळणाची येते. मजकूर हजानांकडून किंवा जाणत्या वडीलधाऱ्यांकडून तपासून घे, 'जुना करार' असा उल्लेख टाळ आणि तनाख, हे यहुदी धर्मग्रंथाचं नाव, म्हण.

नकाशा सोपा आहे. रायगडचा चार बाय सहा फुटांचा कागदी नकाशा भिंतीवर लाव, गावांची नावं ठळक. बेने इस्रायलांची शंभराहून अधिक आडनावं गावांवरून आली: किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर, दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. आलेल्या प्रत्येकाने, यहुदी असो वा नसो, आपल्या गावी टाचणी लावायची आणि खाली चिठ्ठीवर आडनाव लिहायचं. एकाच गावाच्या टाचण्या शेजारी येतात, आणि 'तुमचं घर कुठे?' हा प्रश्न कोणी शिकवावा लागत नाही. नकाशा दारापाशी लावू नकोस, तिथे रांग तुंबते. मलिद्याच्या जागेशेजारी लाव.

इस्रायलमधल्या लोद, अश्दोद, दिमोना इथल्या नातेवाइकांना जोडायचं म्हणतोस ते चांगलंच. हिवाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि रविवार तिथे कामाचा दिवस, म्हणजे आपला सकाळचा कार्यक्रम त्यांना थेट बघता येणार नाही. त्याच रात्री नऊला वेगळी बैठक ठेव, तिकडे तेव्हा साडेपाच वाजतात. व्हिडिओवर दोन्हीकडून एकदम गाणं जमत नाही, आवाज मागेपुढे होतो. एका बाजूने गायचं, दुसऱ्या बाजूने माईक बंद ठेवून साथ करायची.

कोणी आजी लग्नातली किंवा मेंदीची गाणी म्हणाल्या तर रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी विचार, आणि ते कुठे ठेवणार हेही सांग. प्रत आठवड्याच्या आत त्यांच्या घरी पोचव. नवगावच्या जुन्या दफनभूमीची सहल याच दिवशी घालू नकोस. कोहेन, म्हणजे प्राचीन याजकांच्या, घराण्यातले पुरुष दफनभूमीत जात नाहीत, तिथे खाणंपिणं करत नाहीत आणि बाहेर पडताना हात धुवावे लागतात. घाईत हे सांभाळलं जात नाही.

आता पहिलं काम मुकादमांची भेट. त्यांनी २४ तारीख मान्य केली की कीर्तनकाराचं नाव आणि आख्यानाचा कच्चा मसुदा मला पाठव, पदांच्या जागा आपण मिळून ठरवू.

तुझा,
एक ज्येष्ठ स्नेही