बाबा हमाल आहेत हे सांगायची लाज वाटते

प्रश्न : ताई, मी २० वर्षांचा, परभणीकडचा, पुण्यात इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला. बाबा मोंढ्यात हमाली करतात पण होस्टेलवर मी सांगून बसलोय की आमचं धान्याचं दुकान आहे. मागच्या महिन्यात बाबा भेटायला येतो म्हणाले तर परीक्षा आहे म्हणून थापा मारल्या आणि तेव्हापासून कशातच मन लागत नाही, लेक्चर बुडवतो, रात्री झोप नाही, मेसचं जेवण नको वाटतं. आपली लायकीच नाही इथे राहायची. कधी कधी वाटतं सकाळी उठूच नये. काय करू?

उत्तर : अरे, आधी ते शेवटचं वाक्य. सकाळी उठूच नये वाटणं हे मी नुसत्या खराब मूडमध्ये नाही टाकणार. हे वाचून झालं की १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि मरायचे विचार येत असतील तर खोलीत एकटा बसू नकोस, रूममेटला उठव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. झोप, भूक, मन सगळंच दोन आठवडे बिघडलेलं असलं की डॉक्टर डिप्रेशनचा विचार करतात, तुझा तर महिना होत आला. ससूनला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढ आणि मला लिहिलंस तेच तिथे सांग.

आता लाजेचं. मानसशास्त्रात १० पायऱ्यांची एक शिडी दाखवतात, वर पैसा-शिक्षण-चांगली नोकरीवाले, खाली ज्यांच्याकडे काहीच नाही ते, आणि विचारतात तू कुठे. नॅन्सी अ‍ॅडलर आणि सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकेतल्या बायकांना हे विचारलं तर प्रत्यक्ष शिक्षण-कमाईपेक्षा आपण स्वतःला कुठल्या पायरीवर धरतो त्याचा मनाच्या तब्येतीशी जास्त संबंध दिसला. (उलटंही होतं म्हणा, मन खचलं की माणूस आपोआप स्वतःला दोन पायऱ्या खाली उतरवतो.) तुझंच बघ, गावात पोरगं पुण्याला इंजिनीअरिंगला म्हणून तू वरच्या पायरीवर, आणि गाडी पुण्यात शिरली की तळाला, एका रात्रीच्या प्रवासात तुझ्यात काय बदललं?

पैशाचा फरक नाहीच असं मी म्हणणार नाही, मित्रांसारखा खर्च परवडत नाही हे खरंय आणि ते टोचणारच. पण मला वाटतं तुला दमवतंय ते दुकान. नसलेलं दुकान रोज उघडायचं, कोणी तुरीचा भाव विचारला तर उत्तर तयार ठेवायचं, बाप दारात येऊ नये म्हणून पहारा द्यायचा... कोणीही आजारी पडेल रे.

आणि ज्या शहरात तू बाबांचं काम लपवतोयस तिथेच बाबा आढावांनी हमाल पंचायत, म्हणजे हमालांची संघटना, उभी केली, माथाडी-हमालांचा वेगळा कायदा आपल्या राज्यात १९६९ सालचा आहे. हमाल पंचायतीच्याच ‘कष्टाची भाकर’ या जेवणाच्या केंद्रात कधी जेवलायस का?

सगळ्या होस्टेलला सांगत सुटू नकोस, गरज नाही. ज्याच्याजवळ बोलावंसं वाटेल असा एकच मित्र बघ. आधी डॉक्टर, मग थोडं बरं वाटलं की बाबांना बोलाव आणि भाकरी खायला ने. परीक्षा नव्हतीच हे त्यांना नाही सांगितलंस तरी चालेल, तेवढी एक थाप माफ.