घरातील रोपांना जांभळा दिवा हवा की पांढरा?

आपण विचारले आहे की, साताऱ्यातील आपल्या सदनिकेची गॅलरी उत्तरेकडे असल्याने तुळस आणि मिरचीची रोपे नीट वाढत नाहीत, तेव्हा लाल-निळ्या एलईडीचा जांभळा दिवा घ्यावा की साधा पांढरा, आणि नेमक्या कोणत्या रंगाच्या प्रकाशात झाड लवकर वाढते. मी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात भाजीपाल्याची रोपवाटिका चालवतो आणि हाच प्रश्न मला स्वतःचे पैसे घालवून सोडवावा लागला आहे. माझे मत आधीच सांगतो: पांढरा घ्यावा, आणि रंगाची चिंता नंतर करून रोपावर प्रकाश किती पडतो हे आधी पाहावे.

जांभळ्या दिव्यामागची कल्पना खोटी नाही. पानातील हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश सर्वाधिक शोषते. जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८०च्या दशकात शेवाळाच्या एका धाग्यावर इंद्रधनुष्याचे रंग पाडले, तेव्हा प्राणवायूच्या शोधात असणारे जिवाणू लाल आणि निळ्या पट्ट्यांपाशीच गोळा झाले, म्हणजे शेवाळ तिथेच जास्त प्राणवायू सोडत होते. मात्र यावरून ‘हिरवा प्रकाश वाया जातो’ असा जो समज पसरला, तो चुकीचा आहे. पान हिरवे दिसते ते थोडा अधिक हिरवा प्रकाश परत फेकते म्हणून. उरलेला बहुतांश ते शोषतेच, आणि हा प्रकाश पानाच्या खालच्या थरांपर्यंत पोहोचतो. मॅक्री या संशोधकांनी १९७२ मध्ये बावीस पिकांवरील मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत लाल प्रकाश सरस ठरला असला, तरी हिरवाही कामाचा असल्याचे स्पष्ट दिसते.

अन्न तयार करण्याखेरीज प्रकाशाचे आणखी एक काम असते. आपण कुठे आहोत, वर कोणी आहे का, रात्र किती मोठी आहे, हे सारे झाड रंगावरून ओळखते. नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान्य आठवून पाहा. देवघराच्या अंधारात नवव्या दिवशी ते वीतभर वाढलेले असते, पण फिकट पिवळे आणि इतके नाजूक की हात लागताच लवते. ती सारी उंची दाण्यातील साठा खर्चून आलेली असते. आमच्या घरी नंदादीप अखंड तेवत असतो, तरीही घटातील अंकुर त्याच्याकडे न वळता दाराकडे झुकलेले असतात. ज्योतीच्या प्रकाशात निळा भाग फारच थोडा असतो, आणि कोणत्या दिशेला वळायचे हे अंकुर निळ्या प्रकाशावरून ठरवतो. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये गवताच्या अंकुरांची टोके झाकून दाखवून दिले होते की, वळण खाली पडत असले तरी प्रकाश ओळखण्याचे काम टोक करते. निळा पुरेसा मिळाला की रोप बुटके, जाड पानांचे राहते आणि पानांवरील रंध्रेही चांगली उघडतात.

लाल रंगाची गोष्ट याहून मजेशीर आहे. लाल प्रकाशाच्या पलीकडे, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा, ‘अतिदूर लाल’ प्रकाश असतो. पान लाल खाऊन टाकते आणि अतिदूर लाल बव्हंशी सोडून देते, त्यामुळे दुसऱ्या झाडाच्या सावलीत लाल कमी आणि अतिदूर लाल जास्त असतो. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर या दोन प्रकाशांचे झोत आळीपाळीने टाकले. शेवटचा झोत लाल असेल तर बी रुजे, अतिदूर लाल असेल तर बहुतेक बी पडून राही. माझ्याकडे हाच हिशेब प्रोट्रेमध्ये, म्हणजे रोपे वाढवण्याच्या खाचांच्या ट्रेमध्ये, रोज दिसतो. ट्रे एकमेकांना खेटून ठेवले आणि मिरचीची पाने एकमेकांवर आली की मधली रोपे कडेच्या रोपांपेक्षा लांबट आणि मऊ होतात. वरून ऊन सारखेच असते, पण शेजाऱ्यांच्या पानांवरून परतलेला अतिदूर लाल प्रकाश मधल्या रोपाला चहूबाजूंनी सांगत असतो की गर्दी झाली आहे, वर चल. ट्रे चार बोटे सरकवून ठेवले की हा प्रकार बराच आटोक्यात येतो.

आता माझी फजिती. एका पावसाळ्यात आठवडाभर आभाळ भरलेले होते, म्हणून मी जांभळे दिवे आणून रोपांपासून चार फुटांवर टांगले. रोपे तरीही लांबतच गेली, कारण एवढ्या अंतरावरून पडणारा प्रकाश मुळातच अपुरा होता. लक्स या प्रकाश मोजण्याच्या एककात सांगायचे तर भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर दिवा लावलेल्या खोलीत बहुधा तीनशेही भरत नाही. आपला डोळा जुळवून घेतो, म्हणून ही तफावत आपल्याला कळत नाही. दुसरे असे की, जांभळ्या उजेडात सगळी पाने काळपट दिसतात. पानांवरील पिवळेपणा आणि ठिपके मला चार दिवस उशिरा दिसले, तेही सकाळी ट्रे बाहेर आणल्यावर. पांढऱ्या एलईडीचा उगम निळ्या एलईडीतच असतो. वर लावलेल्या रसायनामुळे त्यातील काही प्रकाशाचे हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत रूपांतर होते. त्यामुळे रोपाला सर्वच रंग थोडेफार मिळतात आणि आपल्यालाही रोप जसे आहे तसे दिसते.

आपण कुंड्या गॅलरीच्या कठड्यालगत आणाव्यात आणि पांढरा दिवा शेंड्यापासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवावा. लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाईवर येतो, त्यामुळे रोप वाढेल तसा दिवा वर सरकवावा लागेल. दिवसातून बारा-चौदा तास पुरेत. त्यासाठी टायमर लावणे सोयीचे. मात्र त्याच गॅलरीत शेवंती असेल तर तिला या दिव्यापासून दूर ठेवावे. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते आणि रात्री पडलेला थोडा प्रकाशही ती मोडतो. उलट ड्रॅगन फ्रूटला फुलण्यासाठी लांब दिवस हवा असतो, म्हणून व्हिएतनाममधील बागायतदार हंगाम नसताना त्याच्या बागांत मुद्दाम रात्री दिवे लावतात.