ट्रिगर घेण्याआधी

चि. ड्रमरास,
अनेक आशीर्वाद.

किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर आणि दोन्ही टॉम, सगळ्या ड्रमना ट्रिगर, म्हणजे ठोका ओळखणारा सेन्सर, बसवायचा तुझा बेत कळला. चार घेऊ नकोस. किकसाठी एकच घे आणि उरलेल्या पैशांत नव्या स्किन (ड्रमवर ताणलेले पडदे) बसव. ट्रिगर ही फसवणूक आहे, असं तुमचा गिटारवाला म्हणतो ना? तो स्वतः पायाशी पाच पेडल मांडून उभा असतो. त्याचं मनावर घ्यायचं नाही.

तुला ट्रिगर का हवा, हे मला समजतं. वाशीच्या भावे नाट्यगृहात किंवा आपल्या गडकरी रंगायतनमध्ये किक माईकवरही नीट पोचते. सोसायटीच्या पटांगणात तसं होत नाही. कार्यक्रम उशिरा सुरू होतो, रात्री 10 ला स्पीकर बंद करावे लागतात, साउंड चेकला वेळच मिळत नाही आणि किकच्या माईकमध्ये बास गिटारचा अँप घुमत असतो. अशा वेळी ट्रिगरला जोडलेल्या मॉड्यूलमधला, म्हणजे आवाज साठवलेल्या डब्यातला, ठरलेला आवाज साउंडवाल्याला सोपा पडतो.

ट्रिगरच्या आत असते पिएझोची चकती. पितळेच्या पत्र्यावर सिरॅमिकचा पातळ थर. स्किन हादरली की त्यातून क्षणभर व्होल्टेज येतं. लॅमिंग्टन रोडवर नुसती चकती स्वस्तात मिळते. सोल्डरिंग येत असेल तर जॅक जोडून आधी घरीच प्रयोग कर. मॉड्यूल प्रत्येक ठोक्याचा जोर 1 ते 127 मध्ये मोजतं आणि त्याप्रमाणे सॅम्पल, म्हणजे साठवलेला आवाज, वाजवतं. पुष्कळजण जोर काहीही असो, 127 च वाजेल असं लावून ठेवतात. मेटल संगीतातल्या दोन पायांनी वाजवायच्या डबल बास ड्रमला ते शोभतं. तू लावणीही वाजवतोस आणि भावगीतही, तुझा पाय हलका-जड कळलाच पाहिजे.

आता सेटिंग. खरा घोळ इथेच होतो.

आधी थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोराच्या हादऱ्याला ठोका मानायचं ती मर्यादा. बासवाल्याला जोरात वाजवायला सांग आणि तू हात-पाय आवरून बस. किक आपोआप वाजली तर थ्रेशोल्ड वाढव, पण बेताने. जास्त झाला की तुझे हलके ठोके गिळले जातात. मग रिट्रिगर. एका ठोक्याला दोन आवाज आले तर स्किन हादरत राहिलीय असं समज. मॉड्यूलने त्यानंतर काही मिलिसेकंद कान बंद ठेवायचे, एवढंच ते सेटिंग. ते किती वाढवायचं याचा हिशोब कर: 200 बीपीएमला (मिनिटाला 200 मात्रा) सोळाव्या नोट्स (मात्रेला चार ठोके) वाजवल्या तर दोन ठोक्यांत 75 मिलिसेकंद असतात. सेटिंग त्याच्या बरंच खाली हवं, नाहीतर प्रत्येक दुसरा ठोका गायब. आणि हे सगळं करण्याआधी किक ट्यून कर, आत उशी ठेव. ढिल्या, घुमणाऱ्या स्किनवर कुठलंच सेटिंग टिकत नाही.

ठोका पडल्यावर सॅम्पल वाजायला उशीर होतो का, हे विचारलंस. थोडा होतो. पण आवाजाला हवेतून एक मीटर जायलाच सुमारे 3 मिलिसेकंद लागतात, तेवढ्याने कुणाचं काही अडत नाही. माईक आणि सॅम्पल एकत्र वाजवताना मात्र तोच उशीर किकचा तळ खाऊन टाकू शकतो. मिक्सरवर माईकच्या चॅनेलची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटी करून बघ. ज्या बाजूला किक जाड वाटेल, ती ठेव.

स्नेअरला लावू नकोस म्हणतोय, कारण तिचा जीव घोस्ट नोट (अगदी हलके ठोके), रिमशॉट (कडेसकट मारलेला ठोका) आणि रोलमध्ये आहे. रोल घेतलास की मॉड्यूल टाइपरायटरसारखं कडकडायला लागतं.

आणखी एक युक्ती, फारसं कुणी वापरत नाही. ट्रिगरचा आवाज बाहेर सोडायचाच नाही. साउंडवाल्याला सांगायचं की ट्रिगरच्या सिग्नलवर किकच्या माईकचा गेट (आवाज अडवणारं-सोडणारं दार) उघड. पाय पडला की गेट उघडतो, एरवी बासची गळती बंद. आवाज तुझ्या ड्रमचाच. मला विचारशील तर मी सॅम्पलपेक्षा हेच करतो. अट एकच, मिक्सरवर गेटला बाहेरची की, म्हणजे उघडायचा इशारा दुसऱ्या सिग्नलवरून, देता आली पाहिजे. डिजिटल मिक्सरवर बहुधा देता येते.

रविवारी सकाळी ठाण्याला ये. पूर्ण किट नको. किक, पेडल आणि ट्यूनिंगची चावी पुरे. मॉड्यूल माझ्याकडे आहे, खिशात हात घालण्याआधी त्यावर वाजवून बघ. केबल तेवढी तुझी आण, माझ्या दोन्ही कुठल्यातरी मांडवात राहिल्या आहेत.

तुझा,
काका