अंक तोंडपाठ, मोजणी कच्ची : शिकवणी लावण्याआधी स्वयंपाकघरात

“मुलगा पहिलीत आहे. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतो, पण पाच बटाटे आण म्हटले की चार आणतो, आणि अक्षरे लिहायला बसवले की रडतो. शिकवणी लावू का?” गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका आईने विचारलेला हा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक पालक विचारतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी आटोपून ती घरी पोहोचायची तेव्हा दिवेलागण झालेली असायची, आणि मग वही काढली की दोघांचाही संयम सुटायचा.

मी मुलासमोर मूठभर चिंचोके ठेवले. त्याने काही वगळले, एक दोनदा मोजला, आणि “मग एकूण किती?” असे विचारताच पुन्हा एकपासून सुरुवात केली. अंकांची नावे ओळीने म्हणणे ही पाठांतराची गोष्ट आहे. एका वस्तूला एकच अंक द्यायचा आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्या वस्तूंची संख्या, हे कळणे निराळे असून ते हाताने वस्तू हलवल्याशिवाय सहसा पक्के होत नाही. शिकवणीत त्याला आणखी अंक लिहायला लावले असते, म्हणजे जे येत होते तेच वाढले असते. त्याऐवजी मी त्याला घरच्या रांधपात रोज एखादे खरे काम द्यायला सुचवले.

अडचण आजीची होती. “मुलग्याला चुलीकडे कशाला?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी वाद घातला नाही. विस्तव आणि सुरी मोठ्यांकडेच राहील, मोजमाप तेवढे त्याच्याकडे द्यावे, एवढीच विनंती केली. शनिवारी आंबोळ्यांसाठी तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि चिमूटभर मेथी भिजत घालायची होती. पाहुणे येणार म्हणून सगळे दुप्पट करायचे ठरले, आणि सहा वाट्या तांदूळ मोजताना मुलगा मध्येच विसरला. तेव्हा आजींनीच तोड काढली : पूर्वी भात मोजताना करीत तसे, प्रत्येक वाटीमागे एक चिंचोका बाजूला ठेवायचा. माझ्या सल्ल्यापेक्षा हा उपाय सरस होता, कारण आता हिशेब मुलाच्या डोळ्यांसमोर होता, आणि आजींचा विरोधही त्यानंतर मावळला.

आईचे मात्र वेगळे झाले. प्रत्येक वाटीला ती विचारू लागली, “आता किती झाल्या? अजून किती हव्यात?” थोड्याच दिवसांत मुलगा स्वयंपाकघराकडे फिरकेनासा झाला, आणि ते साहजिकच होते, कारण ओट्याशीही त्याची परीक्षाच चालली होती. कामाला गरज असेल तेवढाच प्रश्न विचारायचा असे आम्ही ठरवले. “पाच जण जेवणार, ताटे घे” एवढे सांगून थांबायचे. एक ताट कमी पडले तर ते कुणीतरी पानावर बसताना कळतेच. सोलकढी उंच पेल्यात ओतली की जास्त झाली असे तो म्हणायचा, त्यावरही समजावत बसू नका असे मी सांगितले. भांडे बदलले तरी कढी तेवढीच राहते, ही समज साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास येते, असे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवले आहे, आणि पेल्यातली कढी पुन्हा वाडग्यात ओतून पाहणे तोवर पुरेसे असते.

वाचनासाठी साखर आणि मीठ यांचे दोन सारखे स्टीलचे डबे घेऊन त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. झाकण न उघडता हवा तो डबा द्यायचा, म्हणजे वाचणे भागच. बाजाराची यादीही तोच लिहू लागला. त्याने “नरळ” लिहिले तेव्हा आईने खोडले नाही. दुकानाच्या वाटेवर ते जसे लिहिले तसे मोठ्याने वाचायला सांगितले, आणि काना त्याने स्वतःच दिला.

पहिलीत वाचता आले नाही म्हणजे मूल मागे पडले, ही भीतीही काढावी लागली. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टसुद्धा समजून वाचणे आणि पायाभूत अंकज्ञान तिसरीच्या अखेरीस यावे असे आहे.

तरी स्वयंपाकघराची मर्यादा मी आईला स्पष्ट सांगितली. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड शाळेत पद्धतशीर शिकवावी लागते, आणि घरी रोज गोष्ट वाचून दाखवण्याला पर्याय नाही. मुलाची दृष्टी व श्रवण मी आधीच तपासून घ्यायला लावले होते. दोन्ही ठीक होते. दुसरी संपतानाही अक्षरओळख डळमळीत राहिली तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करायची, असे आम्ही ठरवून ठेवले आहे. शिकवणी लावलेली नाही. सध्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, सारण किती लागेल यावर आजी आणि नातू यांचे एकमत होत नाही, असे आई सांगते.