स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीने गोळी नाकारली, तर ती अन्नात मिसळून द्यावी का?

तुमच्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, त्यांना स्मृतिभ्रंश आहे, त्या गोळ्या तोंडातून काढून टाकतात आणि घरातल्यांच्या मते त्या कुटून वरणभातात कालवाव्यात. हे योग्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते इतके ठाम आहे, कारण हाच प्रयोग मी माझ्या आईवर करून बसलो आहे.

आईला २०१९ मध्ये अल्झायमरचे निदान झाले. कोथरूडच्या घरात आम्ही दोघेच असतो. मोठा भाऊ नागपूरला आहे, रोज सकाळी साडेआठला त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "आज घेतल्या का गोळ्या?" २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत मी निःशंकपणे "हो" म्हणत होतो. मग एके दिवशी धुवायला काढलेल्या साडीच्या पदराला गाठ दिसली. पूर्वी मंडईत जाताना आई सुटे पैसे अशाच गाठीत बांधत असे. गाठ सोडली तर आत तीन गोळ्या होत्या, ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या, आणि एकीचा गुलाबी रंग कापडाला लागलेला. म्हणजे ती गोळी गालात धरून वरून पाणी पीत होती, आणि मी पाठ वळवली की बाहेर काढत होती.

दादाने फोनवरच निकाल दिला की हा निव्वळ हट्ट आहे, सरळ शिकरणात मिसळ. शिकरण हा आईचा जीव की प्राण. मी सकाळच्या चार गोळ्या खलबत्त्यात कुटल्या आणि केळ्यात कालवल्या. पहिला दिवस पार पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बेसिनपाशी उभी असताना चक्कर येऊन खाली बसली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घरी येऊन नाडी मोजली, ती ४६ भरली, म्हणजे फारच मंद. कुटलेल्या गोळ्यांमध्ये मेटोप्रोलोल या रक्तदाबावरच्या, नाडी मंदावणाऱ्या औषधाची लांबणीची गोळी होती. त्या गोळीची रचनाच अशी असते की दिवसभराचे औषध थोडे थोडे करून सुटावे. ती कुटली की सारे औषध एकदम अंगात जाते. गोळ्यांच्या पाकिटावर नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर अशी अक्षरे असतील तर ती गोळी कुटायची नसते, आणि पित्तावरच्या पँटोप्राझोलसारखी आम्लापासून बचावाचे आवरण असलेली गोळीही नाही, कारण आवरण फुटले की औषध जठरातच निकामी होते. डॉक्टरांनी हे समजावले तेव्हा मी मान खाली घालून ऐकले, आणि तरीही तिसऱ्या दिवशी लांबणीची गोळी वगळून बाकीच्या गोळ्या शिकरणात घातल्याच. आईने पहिला चमचा तोंडात धरला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "यात काय घातलंस?" मी म्हणालो, "काही नाही." तिने वाटी दूर सारली. त्यानंतर चार दिवस ती माझ्या हातचे काहीही खाईना. शेजारच्या वहिनींनी डबा आणला तरच दोन घास घेई. शिकरण तिने आजतागायत पुन्हा खाल्लेले नाही. स्मृती गेली तरी चव आणि विश्वास ओळखण्याची शक्ती इतक्या लवकर जात नाही, आणि गोळीसाठी आपण माणसाचे जेवण पणाला लावतो, हे दादाला मी तेव्हापासून सांगतो आहे.

हट्ट हा शब्दच मला मान्य नाही. प्रत्येक नकाराला कारण असते आणि ते शोधावे लागते. आईची कारणे दोन निघाली. एक म्हणजे तिला कोरडी मोठी गोळी गिळताना ठसका लागत असे, हे तिला सांगता येत नव्हते. दुसरे म्हणजे संध्याकाळी सहानंतर तिची घालमेल सुरू होई, "मला घरी सोड" म्हणून ती दाराशी जाई, आणि नेमक्या त्याच वेळी मी पाच गोळ्या घेऊन समोर उभा राहत असे. डॉक्टरांना मी अकरा गोळ्यांची यादी दाखवून कोणती खरोखर आवश्यक आहे ते विचारले. सात उरल्या. संध्याकाळच्या बहुतेक सकाळी आल्या. डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरच्या गोळीमुळे रात्री भयंकर स्वप्ने पडत होती, ती गोळीही त्यांनी सकाळवर आणली. आता ती ताठ बसलेली असताना, हनुवटी किंचित खाली ठेवून, एका वेळी एकच गोळी देतो आणि शेवटी तोंडात काही राहिले नाही ना ते पाहतो.

पण खरा मार्ग आईनेच दाखवला. एका सकाळी मी माझी रक्तदाबाची गोळी टेबलावर विसरलो होतो. तिने ती उचलली, माझ्यासमोर धरली आणि दटावले, "तू घेतलीस का? आधी घे." मी घेतली. मग तिची पुढे केली, "आई, आता ही तुझी, रक्तदाबाचीच," तर तिने निमूटपणे घेतली. तेव्हापासून आम्ही दोघे एकाच वेळी गोळ्या घेतो आणि आधी ती माझी तपासणी करते. दादा म्हणाला, "मग हे नाटक नाही का? तेवढं चालतं, आणि शिकरण चालत नाही?" माझी गोळी खरी आहे, माझा रक्तदाब खरा आहे, आणि तिच्या हातात काय आहे ते मी तिला दररोज नाव घेऊन सांगतो. यात कोणते नाटक आहे ते त्याने दाखवावे.

एखादी शांत राहण्याची गोळी सुरू करावी, असेही त्याने सुचवले होते. मी साफ नकार दिला. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारावरील नव्या पिढीच्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्येच दिलेला आहे. आई गोळ्या घेत नाही म्हणून तिला गुंगीत ठेवायचे, हा उपाय नव्हे.

इतके ठामपणे लिहिल्यावर हेही सांगणे भाग आहे की मी डॉक्टर नाही, आणि काही घरांत आजार इतका पुढे गेलेला असतो की अत्यावश्यक औषध अन्नातून देण्यावाचून पर्याय उरत नाही. तो निर्णय मात्र डॉक्टरांनी घ्यावा, प्रत्येक गोळीबद्दल स्वतंत्रपणे, आणि घरातल्या सर्वांना तो माहीत असावा. तेव्हाही औषध पूर्ण जेवणात न कालवता एका चमच्यात द्यावे, म्हणजे ताट शंकास्पद होत नाही. पातळ औषध किंवा अंगाला लावायची पट्टी मिळते का तेही विचारावे. रिव्हास्टिग्मिन या स्मृतिभ्रंशावरच्या औषधाची पट्टी दर २४ तासांनी बदलतात; नवी लावण्यापूर्वी जुनी काढलीच पाहिजे, आणि हात पोहोचणार नाही अशी पाठीवर वरच्या बाजूला लावली तर ती उपटली जात नाही. सासूबाईंना मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि त्या जेवलेल्या नसतील, तर ती देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. गोळी गिळली की नाही अशी शंका आली तर अंदाजाने दुसरी देऊ नये.

गेल्या मे महिन्यात दादा आठ दिवस राहायला आला होता. सकाळच्या गोळ्या मी त्याच्यावर सोपवल्या. तिसऱ्या दिवशी त्याला उशीच्या अभ्र्यात दोन गोळ्या सापडल्या. शिकरणाबद्दल तो अजून काही बोललेला नाही, पण नागपूरहून फोन आला की आता आधी विचारतो, "आज जेवली का?"