रेडिओ लिंकचे कुलूप एक नव्हे, दोन

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे कार्यालय आणि तीन किलोमीटरवरील गोदाम मायक्रोटिक कंपनीच्या 5 गिगाहर्ट्झ रेडिओ लिंकने (बिनतारी जोडणीने) जोडलेले आहे. लिंकला डब्ल्यूपीए2 पासवर्ड असून एसएसआयडीही (लिंकचे नाव) लपवलेला आहे. तरी लेखापरीक्षकांनी उपकरणे असुरक्षित असल्याचा शेरा मारला. मागे पासवर्ड बदलताना लिंकच तुटली आणि गोदामाच्या मनोऱ्यावर माणूस चढवावा लागला. काय करावे?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : शेरा बहुधा रास्त आहे. आपण म्हणता तो पासवर्ड हवेतून जाणारी माहिती सांकेतिक करण्यासाठी असतो. उपकरणाच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा लॉगिन पासवर्ड निराळा, आणि त्याचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही. जुन्या मायक्रोटिक उपकरणांत ‘अ‍ॅडमिन’ हे नाव आणि कोरा पासवर्ड अशी मूळ स्थिती असते, जी बसवणारे पुष्कळदा तशीच ठेवून जातात. शिवाय विनबॉक्स (ही उपकरणे संगणकावरून हाताळण्याचा मायक्रोटिकचा प्रोग्राम) यासंबंधी 2018 मध्ये उघड झालेल्या दोषामुळे भक्कम पासवर्डही बाहेरून वाचता येत होता. म्हणून आधी राउटरओएस, म्हणजे उपकरण चालवणारी प्रणाली, अद्ययावत करावी आणि त्यानंतरच लॉगिन पासवर्ड बदलावा. टेलनेट, एफटीपी व वेब या उपकरणात दुरून शिरण्याच्या इतर वाटा बंद करून विनबॉक्स एकाच ठरावीक संगणकाच्या आयपी पत्त्यापुरता खुला ठेवावा.

आता रेडिओचा पासवर्ड. लांबच्या लिंकवर अनेकदा एनव्ही2 ही मायक्रोटिकची स्वतःची पद्धत वापरलेली असते आणि तिला डब्ल्यूपीए2 ची सिक्युरिटी प्रोफाइल (जिथे आपला पासवर्ड भरलेला असतो ती सेटिंग) लागूच होत नाही. तिची सुरक्षा व तिची किल्ली (रेडिओचा पासवर्ड) वेगळ्या ठिकाणी, वायरलेस इंटरफेसच्या सेटिंगमध्ये द्यावी लागते. तसे असल्यास आपली लिंक आजवर उघडीच चालली असण्याची शक्यता आहे, तेव्हा हे प्रथम तपासावे. एसएसआयडी लपवण्याला सुरक्षा म्हणू नये. साधने जोडली जाताना ते नाव हवेत दिसतेच.

बदलाचा क्रम चुकला की मनोरा चढण्याची वेळ येऊ शकते. नवी किल्ली आधी दूरच्या, म्हणजे गोदामाच्या टोकाला द्यावी. लिंक तुटेल, आणि मग कार्यालयाच्या टोकाला तीच किल्ली दिली की ती पुन्हा जुळेल. उलट क्रमाने गेल्यास, कार्यालयाची किल्ली पूर्ववत करेपर्यंत दूरच्या उपकरणापर्यंत पोहोचण्याची वाटच उरत नाही. किल्ली दोन्हीकडे हाताने टंकण्यापेक्षा एकदाच लिहून चिकटवावी, कारण एका अक्षराच्या चुकीनेही लिंक जुळणार नाही. दूरच्या टोकाला बदलापूर्वी विनबॉक्समधील ‘सेफ मोड’ चालू ठेवल्यास, संपर्क परत न आल्यास तेथील बदल काही मिनिटांनी आपोआप मागे घेतला जातो. मग कार्यालयाचे टोक जुन्या किल्लीवर आणले की लिंक पूर्ववत होते. लिंक जुळली, तर मात्र सेफ मोड रीतसर बंद करून बदल कायम करण्यास विसरू नये.

दोन्ही पासवर्ड उपकरणाच्या पेटीवर चिकटवू नयेत आणि केवळ बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्येही राहू देऊ नयेत. पतसंस्थेत तिजोरी असतेच, बंद पाकिटाची जागा तीच.